तिसऱ्या मजल्यावरचा श्वास

तैवानच्या टीव्हीवर 'येऊ का आत?' या मालिकेचे एकूण दोनशे बारा भाग झाले. भुताटकीची जागा शोधायची, दारावर तीनदा टकटक करायची, निवेदिकेने गोड आवाजात "येऊ का आत?" असं विचारायचं आणि मग तासभर लोकांना घाबरवून सोडायचं, असा सगळा मामला. परक्या हॉटेलातली रिकामी खोली उघडतानासुद्धा आपण तैवानी लोक आधी दार वाजवतो, आत कुणी न दिसणारं असलं तर त्याने बाजूला सरावं म्हणून. त्या साध्या रीतीवर या मंडळींनी सोळा वर्षं पोट भरलं.

गाजलेले भाग आजही कुणालाही विचारा, बोटांवर मोजून दाखवतील. ताइचुंगचं जळकं सिनेमागृह, जिथे पडद्यामागे पांढरी बाई दिसली. ती बाई म्हणजे दिवेवाल्याचा टॉवेल. जिलुंग बंदरावरचं गोदाम, जिथे साखळी ओढल्याचा आवाज आला. साखळी निर्माता पेंगच्या कुत्र्याची, आणि कुत्राही तिला बांधलेलाच होता. मध्यरात्रीची म्हणून दाखवलेली दृश्यं तर दुपारी दोन ते पाचमध्ये उरकलेली असायची. खिडक्यांना काळं कापड ठोकलं की झाली रात्र. कारण उघड होतं. चिनी पंचांगाच्या सातव्या, म्हणजे भुतांच्या महिन्यात, पाताळाचं दार सताड उघडं असताना, खऱ्या रात्री तसल्या जागेत पाय टाकायची या भूतवाल्यांपैकी एकाचीही छाती नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे पोटापाण्यासाठी भित्रेच ब्रह्मराक्षसाच्या पाठी लागले होते.

त्या भित्र्यांमध्ये एक आ-तांग. पूर्ण नाव ज्येन जिन-तांग, पण ते फक्त सरकारी कागदांत आणि बायकोच्या रागात. तो आवाज धरायचा. म्हणजे लांब काठीच्या टोकाला मायक्रोफोन बांधून तो लोकांच्या डोक्यावर धरायचा, कानाला हेडफोन, कमरेला ध्वनिमुद्रणाचं यंत्र, आणि यंत्रावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. हिरवं पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, ही तैवानातल्या तंत्रज्ञांची श्रद्धा त्याला वेगळी पटवून द्यावी लागली नव्हती. पाकिटावरची मुदत मात्र तो न चुकता बघायचा. आणि शांततेचं दृश्य असलं की तो श्वास रोखायचा. मायक्रोफोनच्या सर्वांत जवळचं नाक त्याचंच ना. चाळीस सेकंद तो सहज रोखून धरी, आणि याचा त्याला अभिमान होता. दुसऱ्या कशाचा फारसा नव्हता.

पेंगचे दोन नियम होते. आत गेल्यावर कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही. आणि अंधारात कुणीही "कोण आहे?" असं विचारलं, तरी जिवंत माणसाने ओ द्यायची नाही. जो ओ देतो त्याला ते घेऊन जातात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पहिला नियम लोक अधूनमधून विसरायचे. दुसरा सोळा वर्षांत कुणी विसरला नाही.

एक्क्याऐंशीवा भाग एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सातव्या महिन्यातला. युआनलिनच्या पलीकडे पेरूच्या बागांमध्ये मोज्यांची एक बंद गिरणी होती आणि तिच्यामागे मुलींचं वसतिगृह. वीस-एक वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी दम्याने गेली होती, एवढी माहिती पेंगला पुरली. दुपारी तीनची वेळ, खिडक्यांना काळी कापडं, बाहेर भाजणारं ऊन आणि आत सहा माणसं. आत शिरण्याआधी सगळ्यांनी मुठी भरभरून उदबत्त्या लावलेल्या, त्यांचा धूर जायला जागा नाही. पाय उचलला की वीस वर्षांची सुताची धूळ उडायची.

निवेदिका लुओबाई म्हणाल्या, "आता आपण फक्त ऐकू या." आ-तांगने श्वास रोखला. दहा, पंधरा, वीस. पंचविसाव्या सेकंदाला छातीत काहीतरी आवळलं. त्याने श्वास सोडला आणि परत घ्यायला गेला तर तो आतच येईना. हेडफोनमध्ये त्याला एक आवाज ऐकू आला, बारीक, शिट्टीसारखा, वर चढताना अडखळणारा. क्षणभर त्याच्याही अंगावर काटा आला, कुणाचा म्हणून. मग छाती हलली तसा आवाज हलला, आणि त्याला कळलं. जन्मात त्याला धाप लागली नव्हती. ही पहिली.

"कोण आहे?" लुओबाईंनी विचारलं. "कोण श्वास घेतंय?"

आ-तांगने तोंड उघडलं आणि मिटलं. ओ दिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, एक टेप वाया गेली असती, पेंगने चार शिव्या दिल्या असत्या. पण मेलेल्या मुलीच्या खोलीत, सातव्या महिन्यात, "कोण आहे?" या प्रश्नाला "मी" म्हणायचं? ते कुणाच्या बापाला जमलं नसतं. लुओबाईंनी तीनदा विचारलं. तीनदा बाकीची पाचही माणसं गप्प राहिली, आणि तिसऱ्यांदा त्या गप्पपणातून तो श्वास पुन्हा एकदा वर चढला. मग लुओबाई ज्या पळाल्या त्या एक चप्पल टाकून थेट पेरूच्या बागेत.

बाहेर उन्हात बसून आ-तांग अर्धा तास खोकत होता. पेंग हेडफोन लावून तेच बारा सेकंद परत परत ऐकत होता आणि त्याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळला होता. आ-तांग त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, तो आवाज..."

पेंगने हात वर केला. "सांगू नकोस. मला माहीतच नसलं, तर मी खोटं बोलत नाही. तू पाणी पी."

आ-तांग पाणी प्यायला. आपण तरी काय केलं असतं?

भाग दाखवला गेला आणि त्यानंतर महिन्याच्या आत तो मोठा भूकंप झाला. रात्रीतून अर्धा मध्य तैवान हादरला, आणि ते वसतिगृह तर जमीनदोस्तच झालं. खोली उरली नाही, मग खरंखोटं करणार कुठे? लोक म्हणू लागले, मुलीने जाता जाता सांगून ठेवलं होतं. एक्क्याऐंशीवा भाग मालिकेच्या डोक्यावर जाऊन बसला. दर वर्षी सातवा महिना लागला की वाहिनी दहा उत्तम भाग सलग दाखवायची, आणि पहिला नंबर कधी हलला नाही.

पेंग एवढ्यावर थांबला असता तर तो पेंग कसला. त्याने मुलीचं घर शोधलं. फांगयुआनच्या किनाऱ्यावर कालवं सोलणारी बाई, कुओ युए-गुई. तेव्हा वय बासष्ट, हात कालवांच्या कवचांनी चिरलेले. तिला तायपेईला आणलं, दिव्यांच्या झोतात बसवलं, आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवायचं काम आ-तांगचं. त्याने ते केलं. केस बाजूला सारून, दुखणार नाही असं.

तिने डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिचा उजवा हात उठला आणि हवेतच कुणाची तरी पाठ चोळू लागला. "छाई-युन," ती म्हणाली. "तीच आहे. तिचा असाच वर जाताना अडायचा." कॅमेरा तिच्या हातावर गेला. तो गाजलेल्यांतला दोन नंबरचा भाग.

नंतर बाहेरच्या बोळात तिने आ-तांगला गाठलं. "साहेब, तुम्ही कानाचे जाणकार. एक सांगाल? तिला बसायला मिळालं होतं का हो? पुढे वाकून बसलं की तिला जरा बरं वाटायचं. उभ्याने फार त्रास व्हायचा."

"बसली असावी, मावशी," आ-तांग म्हणाला.

"समुद्राचा वारा तिला सोसत नव्हता. म्हणून मीच पाठवली आत, गिरणीत. म्हटलं, पेरूच्या बागा आहेत, हवा चांगली असेल. मला काय ठाऊक तिथे सुताची धूळ. एकोणीस वर्षांची होती." तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकी कालवं काढून त्याच्या हातात दिली. "मला वाटलं होतं, मेल्यावर तरी दम सुटला असेल. अजून चालूच आहे तर."

त्या दिवशी सांगायला हवं होतं. आ-तांगलाही हे माहीत होतं, बायको श्यू-ल्वान तर त्याला हे दहा वर्षं सांगत आली. पण बाजूला पेंग उभा होता, नोकरी होती, आणि हातात ती कालवं होती. घरी येईपर्यंत त्याने बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. घरी पोचल्यावर ते वाक्य सांगायला समोर मावशी नव्हती.

तेव्हापासून मावशीचा नेम सुरू झाला. दर सातव्या महिन्यात ती कागदाची घरं करणाऱ्याकडे जाऊन घर करून घ्यायची आणि ते मुलीच्या नावाने जाळायची. लोक कागदी मोटार जाळतात, कागदी टीव्ही जाळतात. मावशी सांगायची, मोटार नको, खिडक्या कर. पहिल्या वर्षी आठ खिडक्या, पुढच्या वर्षी बारा. मग घराला कागदी पंखे आले, डॉक्टरकडे असतं तसलं कागदी वाफेचं यंत्र आलं. आणि मग ती टीव्हीसमोर बसायची. पुनःप्रसारण म्हणजे जुनीच टेप, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ती म्हणायची, दार उघडतं तेव्हाच ही टेप का लागते मग? तो श्वास किती सेकंद चालतो ते ती मोजायची. बारा. दर वर्षी बारा. घरभर खिडक्या केल्या तरी बारा. हे सगळं एका मासिकात छापून आलं, 'आईची माया' म्हणून, फोटोसकट. श्यू-ल्वानने ते मासिक जेवणाच्या टेबलावर आ-तांगच्या वाडग्याशेजारी उघडून ठेवलं आणि त्या दिवशी भात वाढला नाही.

आ-तांगची धाप मात्र त्या दुपारनंतर गेली नाही. डॉक्टर म्हणाले, दमाच आहे, त्या धुळीने जागा झाला असेल. एक निळा फवारा खिशात आला तो कायमचा.

दहा वर्षं झाल्यावर पेंगने ठरवलं की एक्क्याऐंशीवा भाग नव्याने घासूनपुसून दाखवायचा. "लोकांचे कान बधिर झालेत," तो आ-तांगला म्हणाला. "श्वास मोठा कर. आणि लांबव जरा. बारा सेकंदांत आता कुणी घाबरत नाही."

आ-तांगने लांबवला. स्वतःच्याच छातीचा आवाज पडद्यावर रेघोट्यांसारखा पसरलेला होता, तो त्याने कापला, जोडला, पुन्हा जोडला. सव्वीस सेकंद झाले. नोकरीत माणूस हाताला सांगतो, तू कर, मी बघत नाही. ही त्याची दुसरी चूक, आणि पहिलीसारखी हिला कुठल्या नियमाचा आडोसा नव्हता.

भाग दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या फोनवर एक म्हातारी काही केल्या ऐकेना. तक्रार आवाजाची आहे म्हटल्यावर टेलिफोनवरच्या मुलीने तो फोन आवाज विभागाला जोडून दिला.

"साहेब, यंदा तिला फार लागलाय," मावशी म्हणाली. "सव्वीस मोजले मी. एवढी वर्षं बारा होते. माझं काही चुकलं का? तुम्ही जवळून ऐकता, तुम्हाला कळत असेल. खिडक्या लहान झाल्या का यंदा?"

आ-तांगने तसाच फोन ठेवला. संध्याकाळी त्याने श्यू-ल्वानला सांगितलं.

"तू जातोस की मी जाऊ?" ती म्हणाली. "त्या बाईच्या खिडक्या मला झोपू देत नाहीत. आणि जाताना ती टेप घेऊन जा, ती पूर्ण, न कापलेली. नुसतं तोंडाने सांगशील तर तुझ्यावर मी पण विश्वास ठेवणार नाही."

आगगाडीने युआनलिन, तिथून बसने फांगयुआन. वाटेभर त्याने वाक्य घोकलं. मावशी, तो श्वास माझा होता, तुमची छाई-युन कधीच सुटली, तिला काही त्रास नाही. साधं वाक्य. एवढं पोचवलं की बाईच्या डोक्यावरचा दहा वर्षांचा डोंगर उतरेल, मग तिने चप्पल काढून मारलं तरी बेहत्तर, असा त्याचा हिशेब होता.

मावशी अंगणात लहान स्टुलावर बसून कालवं सोलत होती. बाजूला कवचांचा ढीग तिच्या खांद्याइतका. समुद्रावरून वाळू उडवणारा वारा. तिने त्याला लगेच ओळखलं. "हेडफोनवाले साहेब. बसा. एवढ्या लांब कसे?"

"मावशी, तो श्वास माझा होता," आ-तांग बसायच्या आधीच बोलून गेला. बसला असता तर पुन्हा राहिलं असतं.

"कुठला?"

"टीव्हीवरचा. छाई-युनचा नाही तो. मला त्या खोलीत धाप लागली, माझाच मायक्रोफोन, माझाच आवाज. आणि या वर्षी तो लांबवला तोही मीच, कात्री लावून. तिला काही त्रास नाही, मावशी. ती कधीच सुटली."

मावशीने हातातलं कालव पूर्ण सोललं, वाडग्यात टाकलं. "मग त्या बाईंनी 'कोण आहे?' विचारलं तेव्हा तुम्ही ओ का नाही दिली?"

"कशी देणार?"

तिने मान हलवली. "बरोबर आहे. नाही द्यायची."

त्याने टेप लावली. तो बारा सेकंदांचा श्वास, मग लुओबाईंची पळापळ, पेंगचं ओरडणं, मग तोच श्वास मायक्रोफोनजवळ, आणि मग खोकला, आणि आ-तांगचा आवाज: "पाणी. पाणी द्या कुणीतरी." मावशीने तीनदा लावायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने सुरी खाली ठेवली.

"तुम्हाला दमा आधीपासून होता?"

इथे खोटं बोलता आलं असतं. लहानपणापासून आहे म्हटलं असतं की प्रकरण मिटलं. पण माणूस खरं सांगायला सत्तर कोस आला होता, आणि खऱ्याची एकदा गाडी सुटली की मधल्या स्टेशनावर उतरता येत नाही.

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी पहिल्यांदा लागला."

"आणि नंतर?"

"नंतर राहिलाच."

मावशी उठली, नळावर हात धुतले, घरात गेली आणि उदबत्त्यांचा मोठा जुडगा पेटवून बाहेर आली. त्याच्यासमोर उभी राहून तिने तो जुडगा तीनदा हलवला, देवासमोर हलवतात तसा. वारा त्याच्याच तोंडावर होता. धूर आणि ती खारी वाळू एकदम आत गेली आणि आ-तांगची छाती आवळली. तो स्टुलावर बसला. श्वास वर चढताना अडला, बारीक शिट्टी वाजली.

उदबत्त्या मावशीच्या हातून खाली पडल्या.

"आलीस होय," ती म्हणाली. तिने त्याला पुढे वाकवलं आणि मूठ उलटी करून बोटांच्या हाडांनी त्याची पाठ चोळू लागली, कण्याच्या बाजूने, खालून वर. "अशी बस. पुढे वाक. असंच बसायचीस ना तू. दहा वर्षं मी टीव्हीत शोधतेय आणि तू याच्या छातीत बसली आहेस."

आ-तांगला सांगायचं होतं, मावशी, नाही, ही वाळू आहे, हा धूर आहे. एक शब्द फुटत नव्हता. हात नुसताच हलत होता, आणि तिने तो हात धरून ठेवला. कसाबसा त्याने दुसऱ्या हाताने खिशातला फवारा काढला आणि तोंडात दोनदा मारला. थोड्या वेळाने शिट्टी बारीक झाली, मग थांबली. मावशीने त्याच्या पाठीला कान लावला. बराच वेळ ती तशीच होती.

"सुटला," ती म्हणाली. "एकतीस वर्षांनी सुटला दम."

आता आ-तांगला बोलता येत होतं. त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. दहा वर्षांपूर्वी त्याने ज्या कानांवर हेडफोन चढवले होते, त्या दोन्ही कानांपर्यंत तिचा चेहरा हसत होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"तिच्या भावाने तिच्या नावाची पाटी देव्हाऱ्यात घेतली नाही," ती म्हणाली. "त्याचाही दोष नाही. लग्न न झालेल्या पोरीला माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नसते. कुमारिकांच्या देवळात ठेवली, तिथे सत्तर जणी दाटीवाटीने. हिला गर्दीत गुदमरायचं. मला रोज घोर, कुठे जाईल ही. आणि ही बघ, स्वतःच घर शोधून बसली. तुला त्रास देते का रे फार?"

इतका वेळ 'साहेब, तुम्ही' म्हणणारी बाई त्याला 'तू' म्हणाली. घोकलेलं वाक्य तोंडात तसंच होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पण या मारुतीने ती बाई हसत होती, आणि गणपतीने तिचं काय झालं असतं?

"नाही, मावशी," तो म्हणाला. "फार नाही देत."

पुढच्या वर्षीच्या सातव्या महिन्यात कागदी घर जाळलं गेलं नाही. मावशीने कारागिराला सांगून टाकलं, घराची सोय झाली. आणि सव्वीस सेकंदांचा श्वास टीव्हीवर लागला तेव्हा तिने वाहिनी बदलली. जुनी टेप आहे, असं शेजारणीला म्हणाली.

फोन मात्र त्या भेटीपासून रोज संध्याकाळी सहाला सुरू झाला.

"फवारा घेतलास?"

"घेतला, मावशी."

"ऐकव."

आ-तांग स्पीकरचं बटण दाबून फोन छातीवर धरायचा. कोणती बाजू, किती अंतर, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पावणेसहालाच त्याने दोन फवारे मारलेले असायचे, म्हणजे श्वास कसा स्वच्छ, गुळगुळीत. मावशी बारापर्यंत मोजायची आणि म्हणायची, "ठीक आहे. जेवून घ्या दोघं." दोघं म्हणजे तो आणि श्यू-ल्वान नव्हे, हे श्यू-ल्वानलाही कळायचं. "झालं का सवतीचं औषधपाणी?" ती स्वयंपाकघरातून विचारायची. "निदान ही सवत जेवायला वेगळं मागत नाही." पण पावणेसहाला फवारा टेबलावर काढून ठेवायची तीच.

मालिका बंद पडली, पेंगने मध्य तैवानात हॉटेल काढलं, आ-तांग घरी बसला. सहाचा फोन चालूच राहिला. पाच वर्षांत एकदाही चुकला नाही. या पाच वर्षांत आ-तांगची फुप्फुसं मात्र उतरत गेली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला आणि म्हणाले, निम्मीच चालतात. हे त्याने मावशीला सांगितलं नाही. तरी एकदा तिने आपणहून विचारलं.

"तू गेल्यावर ती कुठे जाईल रे?"

"तुम्ही आधी जाल, मावशी," तो चेष्टेने म्हणाला.

"मी गेले तर तिला काही नाही. तू सांभाळशील. तू गेलास तर तिला पुन्हा श्वास नाही. जप स्वतःला."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आ-तांगची गत. कुणाला सांगायला गेला तर लोक हसतील, आणि मावशीला पुन्हा सांगायला गेला तर एकच घर मिळालेली पोर तो हाताने रस्त्यावर काढणार. तो जपत राहिला, जमेल तेवढं.

परवाच्या जानेवारीत उत्तरेकडून थंडीची लाट आली. आ-तांग तीन दिवस अंथरुणावर बसून होता, उशीला टेकून, पुढे वाकून. पावणेसहाला श्यू-ल्वानने फवारा दिला. दोन मारले. मग तिसरा, चौथा. छाती उघडेना. शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती.

सहाला फोन वाजला.

"उचलू नकोस," श्यू-ल्वान म्हणाली. "मी सांगते, बाहेर गेलाय."

आ-तांगने नको म्हणून मान हलवली. बोलायला दम नव्हता, पण नवरा-बायकोत एवढ्या वर्षांनी बोलावं लागत नाही. या थंडीत बाहेर गेला म्हटलं तर म्हातारी रात्रभर जागी बसेल.

"उचललास तर ऐकेल ती," श्यू-ल्वान म्हणाली.

फोन वाजत होता. आ-तांगने तिला खूण केली. तिने बटण दाबलं आणि फोन त्याच्या छातीवर ठेवला.

"घेतलास?" मावशीने विचारलं.

"घेतला, मावशी," श्यू-ल्वान म्हणाली. "तोंडात घास आहे त्यांच्या."

"बरं. ऐकव."

आ-तांगने मिळेल तेवढी हवा आत ओढली आणि श्वास रोखला. हे काम त्याने आयुष्यभर केलं होतं. एकदाच चुकलं होतं. फोनमधून फांगयुआनचा वारा ऐकू येत होता आणि मावशीचं मोजणं, अगदी हळू. नऊ, दहा, अकरा, बारा. आता ती म्हणेल, जेवून घ्या दोघं.

"आज आवाजच नाही काही," ती म्हणाली. मग थांबून, वेगळ्याच आवाजात, "छाई-युन, आहेस ना गं?"

खोलीत कुणी ओ दिली नाही. श्यू-ल्वानने स्वतःच्या तोंडावर हात दाबला होता. आ-तांगच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. सतरा, अठरा.

"झोपली वाटतं," मावशी म्हणाली. किती दिवसांनी तिला समाधान झालं होतं ते आवाजातच कळत होतं. "शांत झोपलीय. हलवू नका तिला. मी बसते जरा इथेच, तिच्याजवळ."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. आ-तांग मोजत होता, एकवीस, बावीस. मावशीने फोन ठेवला नाही.